ओटा तिथंच राहिला

विरारच्या फुलपाड्याला तळवडेकरांच्या घरात शिरायचं तर मान लववावी लागते. आपण होऊन लववली नाही, तर दाराची चौकट लववायला लावते. त्यांचा स्वतःचा मुलगा सुमेध, सहा फुटी गडी, याच घरात लहानाचा मोठा झालेला, पण तोही दर रविवारी कपाळ चोळतच आत येतो. “बाबा, हे घर आहे की भुयार?” असं विचारतो. त्यावर जयवंत म्हणतात, “घर होतं तेवढंच आहे. तूच वाढलास.” साफ खोटं! सुमेध वाढायचा केव्हाच थांबला होता. वाढत होती ती घराची जमीन, आणि ती वाढवली होती या नवरा-बायकोनं, आपल्या हातांनी, एकदा नाही, तीनदा.

त्याचं असं की घर तळमजल्यावर. विरारला तळमजल्यावर राहणाऱ्याला पावसाळा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरचा रस्ता काही वर्षांनी नवा होतो, नवा रस्ता जुन्याच्या डोक्यावर बसतो, आणि इमारत बिचारी होती तिथंच. ज्या घरात एके काळी दोन पायऱ्या चढून जायचं, ते घर बघता बघता रस्त्याच्या बरोबरीला आलं, आणि मग पाणी पाहुण्यासारखं चपला न काढता आत यायला लागलं. दुसऱ्या कुणी गवंडी बोलावला असता. तळवडेकर नाही. “आपला हात जगन्नाथ,” हे जयवंतांचं ठरलेलं वाक्य. त्यांचा हात जगन्नाथ होता हे खरं, पण त्या हातात घमेली कोण देत होतं? वसुंधरा. रेती चाळली तिनं, डबर उचललं तिनं, सपाटीची दोरी धरली तिनं. घर पाहावं बांधून म्हणतात ना, तर या दोघांनी ते एकदा विकत घेऊन पुन्हा पुन्हा बांधलं.

आणि हौस तरी केवढी! लग्न झालं त्याच वर्षी, त्र्याण्णव साली, ही जागा ताब्यात आली. आली म्हणजे चार भिंती, वर छप्पर आणि खाली नुसता कोबा. जयवंत अंधेरीच्या एका कंपनीत फिटर, वसुंधरा बालवाडीत बाई. हप्ता भरून हातात राहायचं काय, तर हात. मग एका रविवारी दोघं माणिकपूरला फर्डिनंडच्या लाद्यांच्या दुकानात गेली. दुकानामागे फुटक्या लाद्यांचा ढीग पडलेला. तुकड्यांचा भाव विचारला तर फर्डिनंड हसायलाच लागला. “न्या ओ सगळं, माझी जागा तरी मोकळी होईल!” केळी उतरवून परत निघालेल्या एका टेम्पोत गोण्या टाकल्या आणि दोघं त्या गोण्यांवर बसून आली. वसुंधराच्या नव्या साडीला केळीचा चीक लागला तो काही शेवटपर्यंत गेला नाही.

जमिनीची नक्षी वसुंधराची. लाल तुकडे, पिवळे तुकडे, मधे एक हिरवं कासव. निदान तिच्या मनात तरी कासवच होतं. शेजारपाजारचे येऊन म्हणायचे, “भाकरी छान जमलीय हो.” ते एक असो. पण त्या दिवशीचा खरा पराक्रम वेगळाच. कामाच्या धुंदीत दोघांनी लाद्या बसवायला सुरुवात केली दारापासून आणि बसवत बसवत गेली आत. शहाणा माणूस आतून सुरुवात करतो आणि दारातून बाहेर पडतो. ही दोघं शेवटी स्वयंपाकघरात अडकली, पुढं सगळी ओली जमीन, पाय ठेवायची सोय नाही. मग काय, चढून बसली ओट्यावर. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ओट्यावर पाय लोंबकळत ठेवून गूळ-शेंगदाणे खात बसली. जयवंत तसे कमी बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी आपलं सगळं बालपण सांगितलं. तळवड्याची नदी, गेलेली आई, सगळं. वसुंधरा पुढं कितीदा म्हणायची, खरं लग्न माझं त्या दिवशी लागलं.

मग दर रविवारी काही ना काही चालूच. तिच्या जुन्या साड्यांचे पडदे झाले. कंपनीतल्या खोक्यांच्या फळ्या आणून जयवंतांनी कपाट केलं, त्याचं दार कधी नीट लागलं नाही, त्याला पुठ्ठ्याची घडी लावावी लागे. बाहेरच्या खोलीला करवंदी रंग द्यायचा म्हणून दोघांनी घरीच रंग कालवला. ओला होता तोवर करवंदी दिसला, वाळल्यावर खाटकाच्या दुकानातल्या काळजासारखा. त्या काळजात त्यांनी सहा वर्षं काढली, कारण पुन्हा रंग द्यायचं बोलायची दोघांचीही छाती होईना. सुमेधची पहिली पावलं त्याच भिंतींना धरून पडली. वसुंधराला आजही तो रंग आठवला की हसू येतं. किती कमी होतं तेव्हा, आणि किती पुरत होतं.

पहिल्यांदा जमीन वर घेतली ती दोन हजार पाचच्या जुलैनंतर. पाणी पलंगाला लागलं, सुमेधला कपाटावर बसवून त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला होता. पाणी ओसरलं, चिखल काढला, गादी पिळताना वसुंधराच म्हणाली, “अहो, जमीन वर घेऊ या.” हे नीट लक्षात ठेवा. कल्पना तिची होती. जुनं काही फोडायचं नाही, असं मात्र जयवंतांचं. आपण बसवलेलं आपल्याच हातानं फोडायचं या विचारानंच त्यांना कसंतरी व्हायचं. म्हणून कासवावर डबर पडलं, त्यावर सिमेंट, त्यावर नवी लादी. चार बोटं जमीन वर आली. मग रस्ता वर गेला, हे अर्धी वीत वर गेले. पुन्हा रस्ता वर गेला, अठरा साली पुन्हा पाणी आलं, हे चांगले वीतभर वर गेले. रस्त्याची आणि तळवडेकरांची शर्यतच लागली म्हणा ना.

दर वेळी दारं खालून कापायची, त्या कापलेल्या पट्ट्यांची मसाल्याची फळी करायची. पंख्याची दांडी काढायची, मग पंखाच काढायचा. विजेची बटणं कमरेशी आली. हे सगळं दोघांनी हसून साजरं करून घेतलं. एकच गोष्ट राहिली. ओटा.

ओटा वर घेता येईना. त्याच्या लगेच वर खिडकी, खिडकीच्या खालून नळाचे पाइप. ओटा वर घ्यायचा तर खिडकी बुजवा, पाइप उखडा. पहिल्या वेळी जयवंत म्हणाले, “ओट्याचं पुढच्या वेळी बघू.” दुसऱ्या वेळी म्हणाले, “ओट्याचं पुढच्या वेळी नक्की.” तिसऱ्या वेळी काही म्हणालेच नाहीत आणि तिनंही विचारलं नाही. घर वर वर गेलं, ओटा तिथंच राहिला. आणि ओट्यापाशी उभी राहणारी बाई वाकत गेली. आधी मान, मग खांदे, मग कंबर. आता तर ओटा तिच्या मांडीला लागायचा. स्टुलावर बसून पाहिलं तर पातेल्यात दिसेना. पाय फाकवून, गुडघे मोडून, एक हात ओट्यावर टेकून ती भाकऱ्या थापायची. डॉक्टरांनी पट्टा दिला. तो तिनं कपाटात ठेवला आणि जयवंतांना सांगितलं की वय झालं, दुसरं काय. कसं सांगणार? जमीन वर घ्या म्हणणारी तीच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

या मे महिन्यात मात्र ते मनात ठेवणं जमेनासं झालं. मार्चमध्ये बाहेर पुन्हा नवा रस्ता झाला होता. जयवंत नुकते निवृत्त झालेले, अंगात कामाची खुमखुमी, आणि एका सकाळी दारात सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या.

“वसू, पावसाच्या आत चौथा थर उरकून टाकू,” जयवंत गोण्यांवर थापा मारत म्हणाले. “या वेळी तू नुसती दोरी धर. घमेली मी उचलीन.”

वसुंधरा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “आणि ओटा?”

“ओट्याचं काय?”

“अजून वीतभर वर गेलात तर ओटा माझ्या गुडघ्याशी येईल.”

“मग खाली बसून कर. आमची आजी नाही का चुलीपाशी बसून करायची?” ते गमतीनं म्हणाले. पण गंमत कुठं करावी याला काही ताळतंत्र असतं. वसुंधरानं हातातली भाकरी परातीत आपटली.

“चौथा थर घालणार असाल तर घाला. मी सुमेधकडे जाते.”

“अगं पण जमीन वर घ्यायची कल्पना कुणाची होती?”

झालं. जे वाक्य ती इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आली होती, ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. तिनं परात उचलून ठेवली, गॅस बंद केला. दुपारी बॅग भरली आणि सुमेधला फोन केला. सुमेध कधीपासून दोघांच्या मागे लागला होता की चंदनसारला आमच्याकडे या, सातवा मजला आहे, पाणी यायचं तर प्रलयच यावा लागेल. तो धावत आला, चौकटीवर कपाळ आपटून घेऊन आईला घेऊन गेला. जयवंत गोण्यांपाशी उभे होते. “दोन दिवसांत येशीलच,” म्हणाले. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती गेली नसती, म्हणून पाहिलं नाही.

चंदनसारचं स्वयंपाकघर म्हणजे विचारायची सोय नाही. गुळगुळीत ओटा, बरोबर कमरेला लागणारा, वर धूर ओढणारं यंत्र, खाली सरकते खण. सून क्षितिजा गुणाची पोर. “आई, तुम्ही नुसत्या बसा,” म्हणायची. पण वसुंधराला बसवेना. पहिल्याच सकाळी ती पोळ्या लाटायला उभी राहिली. थोड्या वेळानं क्षितिजानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“आई, वाकताय कशाला? ओटा उंच आहे की.”

वसुंधरानं पाहिलं तर खरंच, ती पाय फाकवून, कंबर मोडून, अर्ध्यात वाकून लाटत होती. ती सरळ झाली. दोन पोळ्या झाल्या आणि पुन्हा वाकली. शरीराला ठाऊकच नव्हतं की आता वाकायचं कारण उरलेलं नाही. तिला स्वतःची अशी कीव आली म्हणून सांगू, आणि लगेच राग आला. कुणाचा? त्यांचा, स्वतःचा, त्या रस्त्याचा, सगळ्यांचा.

बरं, रागावून तरी राहावं, तर तेही जमेना. संध्याकाळी सातव्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहिलं की फुलपाड्याच्या बाजूला दिवे लागताना दिसायचे आणि वाटायचं, जेवले असतील का? भात तेवढा येतो त्यांना, आणि पिठलं. त्या पिठल्यात गुठळ्या. फोन मात्र त्यांनी केला नाही आणि हिनंही नाही. अहंकार असतो ना म्हातारपणी, गुडघ्यांपेक्षा तोच जास्त ताठ. गेली बत्तीस वर्षं त्या घरात खिळा ठोकायचा तर एकानं हातोडी धरायची आणि दुसऱ्यानं खिळा. आता ते चौथा थर एकट्यानंच घालत असतील, दोरी कुणी धरत नसेल, जमीन वाकडी होईल. होऊ दे वाकडी. ज्या घरात मला जागा नाही त्याची जमीन सरळ असून तरी काय करायचंय, असं ती मनाशी म्हणायची आणि डोळे पुसायची. चौथा थर पडला की ते घर आपलं नाही, हे तिनं मनाशी धरलंच होतं. परत जायचं तर फक्त भांडी आणायला.

आणि मग एका दुपारी हरेशचा फोन आला. हरेश म्हणजे वरच्या मजल्यावरचा शेजारी. “काकू, काकांना जरा सांगा ना. कालपासून ठोकाठोकी चाललीय, आमची भांडी फळीवरून पडतायत. दार वाजवलं तर उघडत पण नाहीत.”

“रेती-सिमेंटचं काम आहे ते, ठोकाठोकी कसली?”

“ते मला काय माहीत? फोडतायत काहीतरी.”

फोडतायत? तळवडेकर आणि फोडतायत? ज्या माणसानं फुटकी कुंडीसुद्धा तारेनं बांधून ठेवली होती, तो फोडतोय?  क्षितिजाला सांगून ती होती तशी खाली उतरली, बॅगबिग काही घेतली नाही, रिक्षात बसली आणि वाटभर रिक्षावाल्याला “जरा लवकर” म्हणत राहिली. दाराची एक किल्ली तिच्या पर्समध्ये कायमची असायची. तिनं दार उघडलं.

सिमेंटच्या गोण्या दाराशी तशाच. एकीचं तोंड तेवढं फाडलेलं. घरभर पांढरी धूळ. आणि स्वयंपाकघरात, ओट्याच्या पुढ्यात, जयवंत मांडीपर्यंत जमिनीत. हातात छिन्नी-हातोडी, डोक्याला पंचा, भुवया धुळीनं पांढऱ्या. त्यांनी ओट्यासमोरची जमीन फोडली होती. चांगला पलंगाएवढा लांब खड्डा खणला होता, दोन बाजूंना तिन्ही थर कापलेल्या केकसारखे दिसत होते, खोलीकडच्या कडेला दोन नव्या पायऱ्या ओल्याच होत्या.

“अहो! हे काय करून ठेवलंत?”

जयवंत दचकले. मग चोरी पकडल्यासारखे हसले. “आलीस? अजून साफ करायचं राहिलंय.”

“साफ कसलं करताय? घरात विहीर खणलीत तुम्ही! पावसात पहिलं पाणी इथंच भरेल, कळतं का?”

“भरू दे. उपसू. पाणी आलं की तू वर यायचंस. म्हणून पायऱ्या केल्यात.”

“आणि चौथा थर?”

“नाही घालायचा.” त्यांनी हातोडी खाली ठेवली.  “तू गेलीस, मग मी स्वयंपाक केला. पहिल्या दिवशी भात केला, काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पिठलं ढवळत होतो, ते लागायला लागलं म्हणून जरा जास्त वेळ वाकलो. मग सरळच होता येईना. ओट्याला धरून तसाच उभा राहिलो. पिठलं जळालं. गॅस बंद करायला हात पोचत होता, पण कमरेतून कळ अशी आली की...” त्यांनी हात कमरेवर ठेवला. “वसू, तू रोज दोन वेळा. इतकी वर्षं. आणि मी तुला म्हणालो खाली बसून कर.”

वसुंधरा दारातच उभी होती. ती खड्ड्याच्या कडेशी आली.

“मला सांगायचंस तरी,” ते म्हणाले.

“सांगितलं असतं तर म्हणाला असतात, पुढच्या वेळी बघू.”

“म्हणालो असतो,” जयवंतांनी कबूल केलं. “म्हणालोच असतो.” मग त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि हात पुढे केला. “ये. उतर खाली. तू उभी राहिल्याशिवाय मला कळणार नाही, अजून खणायचं की पुरे.”

ती ओल्या पायऱ्या टाळून, त्यांचा हात धरून जपून खाली उतरली. पायाखालच्या धुळीतून जुने लाल-पिवळे तुकडे डोकावत होते, ते तिनं पाहिलेही नाहीत. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. ओटा बरोबर कमरेला लागला. तिनं दोन्ही हात त्यावर सपाट ठेवले, जसे नवी नवरी असताना ठेवायची. खांदे आपोआप खाली आले, मान वर झाली, आणि समोर खिडकी होती, सबंध खिडकी. इतकी वर्षं त्या खिडकीतून तिला फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय आणि रिक्षांची चाकं दिसायची. आता समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून आभाळ दिसत होतं. अगदी एवढंसं, पण आभाळ.

“पुरे?” जयवंतांनी विचारलं. ते आता वर, जमिनीवर जाऊन उभे होते, आणि तिच्याशी बोलायला त्यांना गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकावं लागत होतं. “की अजून बोटभर घेऊ?”

 तिनं पुरे अशी मान हलवली. मग म्हणाली, “सुमेधला फोन करा. म्हणावं, आईची बॅग घेऊन ये.”

जयवंत “बरं, बरं” करत फोन शोधायला बाहेरच्या खोलीत गेले. धुळीत कुठं ठेवला होता कोण जाणे, बराच वेळ त्यांची शोधाशोध ऐकू येत राहिली. आणि वसुंधरा त्या खड्ड्यात, ओट्यावर हात ठेवून, ताठ उभी राहून पोटभर रडली.